पाचपैकी दोन

आमच्या घरात सध्या सगळ्यात जास्त मान फाईलला आहे. मला नाही, माझ्या फाईलला. तिच्यावर पाणी सांडू नये म्हणून तिला प्लॅस्टिकचं आवरण आहे, टॅक्सीत तिला खिडकीजवळची जागा आहे, आणि इस्पितळात जायला निघताना आमचे हे दारात उभे राहून आधी "फाईल घेतली का?" असं विचारतात आणि मग माझ्याकडे बघून "चल" म्हणतात.

हे जिल्हा परिषदेच्या लेखा विभागातून निवृत्त झाले आणि तेव्हापासून एकही कागद पंच न करता दिवस ढकलत होते. माझ्या मानेतली गाठ हॉजकिन लिम्फोमाची निघाली आणि डॉक्टरांनी तपासण्यांची लांबलचक यादी हातात दिली, तेव्हा ह्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. पण ते नुसतं पाणी नव्हतं, त्यात कुठेतरी कामावर परत रुजू झाल्याची चमकही होती. संध्याकाळी हे फडके रोडवरून बॉक्स फाईल, पंचिंग मशीन, टॅगचं बंडल आणि रंगीत चिकटपट्ट्या घेऊन आले. रक्त लाल, स्कॅन निळा, पावत्या पिवळ्या आणि झेरॉक्सच्या झेरॉक्सना हिरवा. पहिल्या पानावर अनुक्रमणिका. माझं लग्नातलं छायाचित्र घरात कुठे आहे हे ह्यांना सांगता येणार नाही. पण माझ्या हिमोग्लोबिनची कोणतीही तारीख विचारा.

हा आजार थॉमस हॉजकिन नावाच्या इंग्रज डॉक्टरने 1832 मध्ये पहिल्यांदा लिहून ठेवला. डोंबिवलीत तो अजून नीट पोचलेला नाही. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी जिन्यात मला गाठलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "तुमच्याकडे हॉकिन्सचं काहीतरी झालंय म्हणे?"

मी म्हटलं, "कुकर ठीक आहे हो. बिघाड माझ्यात आहे."

त्या इतक्या ओशाळल्या की मलाच त्यांना घरात बोलावून चहा द्यावा लागला. तेव्हापासून माझ्या लक्षात आलं आहे की कॅन्सरच्या पेशंटला औषधं नंतर सुरू होतात, त्याआधी 'आनंदी राहा' हा डोस सुरू होतो. तो द्यायला डिग्री लागत नाही आणि तो नाकारायची पेशंटला सोय नसते. "अर्धा आजार मनाचाच असतो" हे इतक्या जणांनी ऐकवलं की बिलाच्या खिडकीवर उरलेल्या अर्ध्याचेच पैसे पुढे करावेत असं मला एकदा वाटून गेलं. बरं, सांगणाऱ्यांचे स्वतःचे चेहरे मला पाहताच असे उतरतात की खायला काही पुढे करून, दोन विनोद सांगून त्यांना शुद्धीवर आणावं लागतं. जाताना ते दारात ह्यांना म्हणतात, "वहिनी किती पॉझिटिव्ह आहेत हो!" अहो, घरातल्या कोणीतरी व्हायलाच हवं होतं. बाकी सगळ्यांनी नकार दिला होता.

एक लांबची मावशी आली. म्हणाली, "आमच्या मामेसासऱ्यांना अगदी हेच. पण शेवटपर्यंत हसतमुख होते!"

खोलीत शांतता पसरली. मावशीला 'शेवटपर्यंत' ऐकू आलं ते बोलून झाल्यावर. ती घाईघाईने म्हणाली, "नाही नाही, ह्याने नाही गेले. ते तर पूर्ण बरे झाले. गेले ते ट्रकखाली!"

त्या दिवसात मला खरोखर धीर आला असेल तर तो या वाक्याने.

मग उपाय. गव्हांकुराचा रस झाला, लक्ष्मणफळ झालं, हळदीचे तर इतके प्रकार झाले की मी पिवळी दिसू लागले आणि डॉक्टरांनी काविळीची तपासणी लिहून दिली. सोसायटीतल्या एक बाई पिशवीभर सदाफुलीची पानं घेऊन आल्या. "रोज सकाळी चार, अनशापोटी. कॅन्सर पळतो."

मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "पानं अजिबात खायची नाहीत, विषारी असतात. आणि सदाफुली तुम्हाला आम्ही देतोच आहोत. मोजून."

मला ही थट्टा वाटली. पण माझ्या सलाईनमध्ये जातं ते व्हिनब्लास्टिन खरोखरच सदाफुलीतून निघालेलं. जमैकात या पानांचा काढा मधुमेहावर घेत, म्हणून ती पानं कॅनडात रॉबर्ट नोबल या संशोधकाकडे पोचली. त्याने अर्क काढून उंदरांवर वापरून पाहिला. साखर जागची हलली नाही, मात्र पांढऱ्या पेशी धडाधड खाली आल्या. नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी त्यातून 1958 च्या सुमारास हे औषध वेगळं काढलं. म्हणजे शोधायला गेले एक आणि सापडलं भलतंच, ही आमच्या घरची पद्धत विज्ञानातही चालते. मी हे सगळं सदाफुलीवाल्या बाईंना सांगायला नको होतं असं ह्यांचं मत आहे. कारण त्या आता स्वतःला डॉक्टरांच्या टीममध्ये धरतात. लिफ्टमध्ये भेटल्या की विचारतात, "काय, आपलं औषध लागू पडतंय ना?"

आपलं दुसरं औषध इटलीचं. तिथल्या कास्तेल देल मोन्ते या किल्ल्याजवळच्या मातीत एक जंतू सापडला, त्याच्या वंशातून हे निघालं, आणि ॲड्रियाटिक समुद्रावरून त्याला ॲड्रियामायसिन म्हणू लागले. केसरीच्या सहलींच्या जाहिराती जमवून जमवून आयुष्यात इटली काही झाली नाही, ती अशी घरपोच आली. रंग थेट कोकम सरबताचा. तो आत कसा जातो हे सिस्टरने छान समजावलं होतं. बाहेर येतानाही तोच रंग असतो हे सांगितलं तेव्हा बहुधा मी ह्यांना पाण्याची बाटली शोधायला लावत होते. घरी आल्यावर बाथरूममधून मी जी किंकाळी फोडली ती तीन मजले ऐकू गेली.

"अहो, लाल!"

बाहेरून शांत आवाज आला, "किती वाजता?"

नोंद झाली.

उलट्या होऊ नयेत म्हणून केमोच्या आधी डेक्सामेथासोन नावाचं स्टेरॉइड देतात. त्याने उलटी होत नाही हे खरं, पण झोपही होत नाही आणि अंगात अशी काही ताकद संचारते की काय सांगू. मध्यरात्र उलटून गेल्यावर हे पाणी प्यायला उठले, तर मी ओट्याशी.

"काय करतेस?"

"हंडा घासतेय. पितांबरी कुठे ठेवलीत?"

"अगं, तू कॅन्सरची पेशंट आहेस!"

"पेशंट केव्हाच झोपली. हे औषध घासतंय."

पहाटे त्याच औषधाने दोन थालिपीठं लावली आणि दोन्ही खाल्ली. पुढच्या दोन दिवसांत औषध उतरलं आणि मला भांडं उचलायला सांगितलं तरी रडू येऊ लागलं. पण तेवढ्यात शेजारणी हंड्याची चकाकी बघून गेल्या होत्या. "बघा, कसा उत्साह आहे!" माझ्या मनोधैर्याची जी कीर्ती आज डोंबिवली पूर्वेला पसरलेली आहे, तिच्यातला निम्मा वाटा डेक्सामेथासोनचा आहे.

प्रत्येक केमोच्या आदल्या दिवशी रक्त. पूर्वी माझ्या हातावर शिरा होत्या. आता त्या सुईची चाहूल लागताच आत जातात. रक्त काढणारा मुलगा नवा होता, मिशीही पुरती फुटलेली नव्हती. त्याने पट्टा बांधला, दंड थोपटला, म्हणाला, "काकू, मस्त शीर आहे."

मग म्हणाला, "गेली."

"कुठे?"

"आतच असेल."

दुसऱ्या वेळी तो घामाघूम झाला. त्याने अशा केविलवाण्या आवाजात "दुखलं का?" विचारलं की माझ्या तोंडून "छे रे, मुंगीसुद्धा नाही" असं गेलं. तिसऱ्या वेळी मी त्याला खुर्चीत बसवलं, पाणी दिलं, गाव विचारलं, आईची चौकशी केली. त्याचा हात स्थिर झाला आणि रक्त आलं. दंड काळानिळा घेऊन मी बाहेर आले तेव्हा तो पुढच्या पेशंटला सांगत होता, "घाबरायचं नाही. आत्ताच्या काकू बघा."

रिपोर्ट संध्याकाळी मोबाईलवर येतो, आणि तो मला कळायच्या आत बिल्डिंगला कळतो. शाळेत मी मराठी शिकवत असे; जोडाक्षरं नीट म्हणा म्हणून आयुष्यभर कानीकपाळी ओरडले. आता वॉचमनसुद्धा पांढऱ्या पेशींतल्या 'न्यूट्रोफिल'चं नाव स्वच्छ घेतो.

"मॅडम, किती आल्या?"

"अकराशे."

"मागच्या वेळी चौदाशे होत्या ना?" तो इतका खट्टू झाला की मला अपराधी वाटलं. "पपईच्या पानांचा रस घ्या." डेंग्यूच्या साथीपासून आपल्याकडे रक्तातलं काहीही कमी झालं की पपईवर जबाबदारी जाते. प्लेटलेट वेगळ्या, न्यूट्रोफिल वेगळ्या, हे समजावायला गेलं की लोक 'शिकलेल्या माणसांचं असंच असतं' अशा नजरेने बघतात.

मुंबईच्या आमच्या इस्पितळातल्या प्रतीक्षा कक्षाबद्दल वेगळं पुस्तक होईल. तुम्हाला वाटेल, मरणाला सामोरी जाणारी माणसं, क्षुद्र गोष्टी मागे पडल्या असतील. काही पडत नाही. माझा नंबर 64, फलकावर 41, आणि तो 41 तिथे रंगाने लिहिला असावा अशी शंका येण्याइतका वेळ गेलेला. अशा वेळी एक गृहस्थ दार ढकलतात, "फक्त एक सही हवी आहे." सहीला वीस मिनिटं लागतात. आयुष्याचं क्षणभंगुरत्व त्याच आठवड्यात मनोमन पटलेल्या सगळ्या बाया-पुरुषांनी मग मास्क खाली ओढून त्या गृहस्थांची जी काही संभावना केली, ती ऐकून मला पहिल्यांदा वाटलं की इथले बहुतेक लोक बरे होणार.

तिथे ज्येष्ठताही असते.

"तुमची कितवी?"

"तिसरी."

"हं," समोरच्या बाई पदर सारखा करत म्हणाल्या. "सुरुवात आहे."

माझी तिसरी केमो एकदम लहान झाली. मी जिभेला फोड आल्याचं पुढे केलं. त्यांनी नखं काळी झाल्याचं दाखवलं. मी झोप येत नाही म्हटलं, शेजारचे काका म्हणाले, "झोप? माझ्या दोन भुवयापण गेल्या." सामना तिथे संपला. भुवयांपुढे कोण काय मांडणार!

या सगळ्यांवर राज्य करणारी एक सोलापूरची बाई होती. मुक्काम दादरला गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत, जिथे बाहेरगावचे कॅन्सरचे पेशंट वर्षानुवर्षं उतरतात. कोणता शिक्का कोणत्या खिडकीवर, कोणता शिपाई चिडका, आणि भूक लागल्यावर कुठला वडा खायचा, सगळं तिला पाठ. स्कार्फ बांधून आलेल्या नव्या मुली तिच्याशेजारी बसत. "केसं गेली ते बरं झालं बघा, तेलाचा खर्च वाचला," ती म्हणायची आणि पिशवीतून शेंगाचटणीची डबी काढायची. तोंडात फोड असताना तिखट पूर्ण बंद, हे भिंतीवरच्या पाटीवर लिहिलेलं होतं. ती पाटीकडे पाठ करून बसायची आणि चटणी हुंगायची. नुसती हुंगायची. मग डबी आम्हाला द्यायची. एकेक जण हुंगून पुढे सरकवायचा. कौन्सेलिंगच्या खोलीसमोर कधी एवढी रांग मी पाहिली नाही.

ह्यांचं दुःख निराळंच होतं. डॉक्टर सगळं संगणकावर बघत. फाईल मांडीवर उघडून, योग्य पानावर बोट ठेवून हे बसलेले असायचे, आणि डॉक्टर पडद्याकडे बघत "ठीक आहे, पुढची घेऊन टाकू" म्हणायचे. बाहेर आल्यावर हे बराच वेळ बोलत नसत. मी समजूत काढायची, "पुढच्या वेळी मागतील हो." म्हणजे कॅन्सर मला आणि धीर द्यायचा फाईलला.

आणि एके दिवशी सर्व्हर बंद पडला. अख्ख्या मजल्यावर एकही रिपोर्ट उघडेना. डॉक्टरांनी हताशपणे विचारलं, "काका, मागचा एखादा कागद आहे का हो तुमच्याकडे?"

हे उठून उभे राहिले. घसा साफ केला. "कसा हवा? तारखेप्रमाणे, की अवयवाप्रमाणे?"

दहा मिनिटांत खबर पसरली. लोक पिशव्यांत कोंबलेले, घडी पडून फाटलेले कागद घेऊन ह्यांच्याभोवती जमले. पंचिंग मशीन बाहेर निघालं. हे नाकावर चष्मा घेऊन एकेकाला "तुमचा बायोप्सीचा मूळ कागद कुठाय? झेरॉक्स चालणार नाही" असं दरडावत होते, आणि लोक चक्क "साहेब, साहेब" करत होते. दुपारी सर्व्हर सुरू झाला तेव्हा हे हिरमुसले. टॅक्सीत बसल्यावर म्हणाले, "आठवड्यातून एकदा तरी तो बंद ठेवायला हवा. लोकांना शिस्त लागते."

तिसरं औषध ब्लिओमायसिन. ते फुप्फुसांना त्रास देऊ शकतं, म्हणून मधूनमधून नळीत फुंकायची तपासणी. टेक्निशियन बाई अंगात आल्यागत ओरडतात, "फुंका, फुंका, अजून, अजून, सोडू नका!" माझा श्वास संपला तरी कोणीतरी फुंकत असल्याचा आवाज येतच होता. पडद्यामागे हे. लालबुंद. म्हटलं, तुमचा रिपोर्ट काढला तर नॉर्मल येईल आणि माझ्या फाईलला लागेल.

काही फेऱ्या झाल्या की पेट स्कॅन. सहा तास उपाशी राहायचं, मग साखरेला किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवून ती शिरेत सोडतात. कॅन्सरच्या पेशी साखर हावऱ्यासारखी खातात, हे ओटो वारबुर्ग या जर्मन शास्त्रज्ञाने 1920 च्या दशकात दाखवलं होतं. जिथे साखर जमते तिथे स्कॅनमध्ये उजेड पडतो. हे ऐकल्यावर खालच्या काकूंनी माझ्या हातातला बेसनाचा लाडू काढून घेतला होता. डॉक्टरांनी तो परत मिळवून दिला. साखर सोडून कॅन्सर उपाशी मरत नाही, माणूस मात्र वाळतो, असं त्यांनी काकूंना स्पीकरवर सांगितलं.

इंजेक्शन झाल्यावर तासभर निपचित पडायचं. अंगावर जाड पांघरूण, कारण थंडी वाजली तर शरीरातली एक तपकिरी चरबी कामाला लागते आणि तीही चमकते. हालायचं नाही. आणि बोलायचं नाही. बोललं तर गळ्याचे स्नायू साखर खातात आणि स्कॅनमध्ये गळा उजळून निघतो.

तासभर बोलायचं नाही! शाळेत चौतीस मुलांचा वर्ग पेलणाऱ्या बाईला! सुई, केस, तोंडातले फोड, सगळं मी हसून घेतलं. या इलाजावर माझा तोल गेला. पण डोळे मिटले. पाचव्या मिनिटाला माईकवरून आवाज आला, "काकू, ओठ हलतायत."

"रामरक्षा म्हणतेय."

"मनात म्हणा."

"मनातच म्हणतेय. ओठ त्यांचे ते हलतात."

"आता तर बोलताय, काकू!"

नंतर सूचना मिळाली की काही तास लहान मुलं आणि गरोदर बाया यांच्यापासून लांब राहायचं. त्या फ्लोरिनचा जोर दर 110 मिनिटांनी निम्मा होतो, घाबरायचं काही नसतं. बाहेर आले तर हे टॅक्सीत ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेले, मधे फाईलची भिंत.

"अहो, तुम्ही लहान मूल आहात का?"

"नाही."

"गरोदर आहात?"

ड्रायव्हरने मान वळवून ह्यांच्याकडे पाहिलं. हे मुकाट्याने मागे आले.

रिपोर्टवर गुण असतात. डोव्हिल नावाचं फ्रान्समध्ये समुद्रकाठी एक गाव आहे, तिथे 2009 मध्ये डॉक्टर मंडळी जमली आणि लिम्फोमाच्या पेट स्कॅनला एक ते पाच गुण द्यायचे असं ठरलं. गाठीतली चमक यकृताच्या चमकेशी ताडून बघतात. एक म्हणजे काहीच उरलं नाही, पाच म्हणजे डॉक्टर खुर्ची जवळ ओढतात. मला दोन मिळाले. डॉक्टर चक्क हसले. म्हणाले, "उत्तम! ब्लिओमायसिन आता थांबवू, बाकीची चालू ठेवू."

हे बाहेर येऊन मोठ्यांदा नाक शिंकरत होते आणि "एसी फार आहे" म्हणत होते. मी नणंदेला फोन लावला. तिची दोन्ही मुलं बोर्डात आली होती आणि आमच्या पिढीतलं कोणाचंही प्रगतिपुस्तक तिने तपासल्याशिवाय सोडलेलं नाही.

"वन्सं, रिपोर्ट आला. पाचपैकी दोन!"

पलीकडे शांतता. मग अगदी मऊ आवाजात, "असू दे गं. मनाला लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी जोर लावू आपण."

"अहो, उलटं असतं. इथे कमी गुण म्हणजे चांगलं. एक सगळ्यात चांगला, पाच सगळ्यात वाईट."

"अस्सं?" वन्सं विचारात पडल्या. "मग एक का नाही आला?"